अ‍ॅफिलिएट ब्लॉगची थीम: विकत घेण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्डप्रेसवर उपकरणांच्या परीक्षणांचा अ‍ॅफिलिएट ब्लॉग काढायचाय, म्हणजे लेखातल्या दुव्यावरून वाचकाने खरेदी केली की कमिशन मिळेल असा; बहुतेक वाचक मोबाइलवरून येतील आणि निवड तीन थीमवर, म्हणजे ब्लॉगचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या साच्यांवर, अडली आहे. पहिली ढीगभर डेमो असलेली बहुउद्देशीय थीम, सोबत पेज बिल्डर (ओढून-सोडून पानं रचायचं साधन). दुसरी 'खास अ‍ॅफिलिएटसाठी' म्हणून विकली जाणारी, जिच्यात तुलनेचे तक्ते, तारे, 'किंमत पाहा' बटणं सगळं आयतं आहे. तिसरी जनरेटप्रेस, कॅडेन्स, अ‍ॅस्ट्रा यांच्या जातीची हलकी, फुकट मिळणारी, पण दिसायला साधी.

तिसरी घ्या. ती वेगवान असते म्हणून घ्या असं सगळेच सांगतील. माझ्या मते त्याहून मोठं कारण दुसऱ्या थीमच्या पोटात आहे.

'खास' थीम तिचे तक्ते आणि परीक्षणाच्या चौकटी बऱ्याचदा शॉर्टकोडमध्ये, म्हणजे लेखात चौकोनी कंसात लिहिलेल्या आज्ञांमध्ये, साठवते. थीम बदलली की शॉर्टकोड चालवणारा कोड जातो आणि लेखात चौकोनी कंसातला कचरा तेवढा उरतो. काही थीम परीक्षणांसाठी वेगळा पोस्ट प्रकारच (नेहमीच्या लेखांहून निराळा गट) नोंदवतात. अशी थीम बंद केली की लेख डेटाबेसमध्ये असतात, पण अ‍ॅडमिनमध्ये दिसत नाहीत आणि त्यांच्या पत्त्यांवर ४०४ ('पान सापडलं नाही') येतो. वर्डप्रेसच्या अधिकृत थीम संग्रहात म्हणूनच नियम आहे की शॉर्टकोड आणि पोस्ट प्रकार हे प्लगइनचं (वेगळ्या जोड-सॉफ्टवेअरचं) काम, थीमने त्यात हात घालायचा नाही. बाहेर विकल्या जाणाऱ्या थीमना हा नियम लागू नाही. तपासणी सोपी आहे: स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) थीम टाका, तिची चौकट वापरून एक लेख बनवा, मग ट्वेंटी ट्वेंटी-फोर (वर्डप्रेसची स्वतःची साधी थीम) लावा आणि काय शिल्लक राहतं ते बघा. पेज बिल्डरलाही हीच कसोटी लावा.

थोडक्यात, ज्यातून कमिशन येतं ते काहीही थीमच्या ताब्यात देऊ नका. वर्डप्रेसचे स्वतःचे टेबल आणि बटण ब्लॉक (लेख रचायचे आयते तुकडे) सुरुवातीला पुरतात. ते लेखात साध्या एचटीएमएलच्या रूपात साठतात, त्यामुळे थीम बदलली तरी जागेवर राहतात. एकाच वस्तूची चौकट अनेक लेखांत लागणार असेल तर ती सिंक्ड पॅटर्न (एका जागी बदलला की सगळीकडे बदलणारा ब्लॉकचा संच) म्हणून ठेवा. दुकानाचा दुवा बदलला की एकाच जागी दुरुस्ती करायची.

आता वेग. विक्रेत्याच्या डेमोचा पेजस्पीड (गुगलचं वेग मोजायचं साधन) गुण बघून काही कळत नाही. तो सर्व्हर त्यांचा, चित्रं आणि कॅशेही त्यांचा. तुमच्या होस्टिंगवर, एकही जादा प्लगइन न घालता, तुमचा सर्वांत जड लेख टाका: अडीच हजार शब्द, डझनभर फोटो, पाच रकान्यांचा तक्ता, सात-आठ बटणं. हाच लेख आधी ट्वेंटी ट्वेंटी-फोरवर मोजा, मग उमेदवार थीमवर. दोन्हींतला फरक म्हणजे थीमचं ओझं. प्रत्येक वेळी पाच फेऱ्या करून मधला आकडा घ्या, कारण एकाच पानाचे गुण फेरीगणिक बदलतात. स्टेजिंगला पासवर्ड असेल तर पेजस्पीड इनसाइट्स आत पोचणार नाही. तेव्हा क्रोममधलं लाइटहाउस (असंच मोजमाप करणारं साधन) इन्कॉग्निटो खिडकीत चालवा, नाहीतर एक्स्टेन्शनचं वजनही थीमच्या माथी येतं.

गुगलच्या मर्यादा अशा: एलसीपी (पानातला सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, सीएलएस (उघडताना मजकूर किती इकडेतिकडे उडतो) ०.१ च्या आत, आयएनपी (दाबल्यावर प्रतिसाद यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत. आयएनपी मार्च २०२४ मध्ये एफआयडी या जुन्या मोजमापाच्या जागी आला. तो खऱ्या वाचकांच्या वापरातून मोजला जातो, त्यामुळे नव्या ब्लॉगला त्याऐवजी लाइटहाउसमधला टोटल ब्लॉकिंग टाइम (पान उघडताना ब्राउझर किती वेळ अडकून राहतो) बघावा लागेल. तो मोबाइलवर २०० मिलिसेकंदांच्या आत असला की चिंता नाही.

एलसीपी बिघडतो तो बहुधा लेखाच्या मुख्य चित्रामुळे. वर्डप्रेस ६.३ पासून वरच्या मोठ्या चित्राला आपणहून प्राधान्य देतं, पण थीम ते चित्र सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधली) पार्श्वभूमी म्हणून लावत असेल किंवा त्यालाही लेझी लोडिंग (चित्र गरज पडेल तेव्हाच उतरवणं) जोडत असेल तर या सोयीचा उपयोग होत नाही. पानाचा सोर्स उघडून पहिलं चित्र साध्या इमेज टॅगमध्ये आहे का ते पाहा. सीएलएस बिघडवणारे ठरलेले दोषी म्हणजे रुंदी-उंची न दिलेली चित्रं, स्क्रोल केल्यावर आकसणारी शीर्षपट्टी आणि उशिरा येणारा फॉन्ट. स्लायडर असलेली थीम तर बघूच नका.

मोबाइलवरच्या तक्त्याला मी सर्वांत जास्त वेळ देईन. ब्राउझरमध्ये रुंदी ३६० पिक्सेल करा आणि तक्ता उजवीकडे सरकतो का ते पाहा. टेबल ब्लॉकला आडवं स्क्रोल मुळातच दिलेलं असतं, पण काही थीम बाहेरच्या डब्याला 'ओव्हरफ्लो हिडन' (बाहेर जाणारा भाग लपवणारी सूचना) लावतात किंवा ब्लॉकची शैलीच बदलतात. मग उजवे रकाने कापले जातात, आणि 'किंमत पाहा' नेमकं शेवटच्या रकान्यात असतं! डेस्कटॉपवर सगळं ठीक दिसतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. खबरदारी म्हणून बटण दुसऱ्या रकान्यात ठेवा. सगळे रकाने समान रुंदीचे करणारं ब्लॉकचं सेटिंगही बंद ठेवा, नाहीतर मोबाइलवर शब्द मधेच तुटतात.

साइडबार मोबाइलवर लेखाच्या खाली जातो, तिथली चौकट क्वचितच कुणी बघतं. एकच रकाना, मजकुराची रुंदी ७०० पिक्सेलच्या आसपास, एवढं पुरे. बटणाची उंची ४८ पिक्सेल, बटणावरची अक्षरं आणि बटण यांच्या रंगांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १. थीममध्ये एकत्रित रंगसंच असावा, म्हणजे बटणांचा रंग एका जागी बदलता येतो आणि तो रंग दुसऱ्या कशाला वापरायचा नाही हे पाळता येतं. मराठीत लिहिणार असाल तर ओळींची उंची १.७ च्या आसपास आणि अक्षरांमधलं जादा अंतर शून्य ठेवा. बऱ्याच थीम शीर्षकांना हे अंतर देतात आणि शिरोरेखा तुटते.

कमिशनचा खुलासा शीर्षक आणि पहिला परिच्छेद यांच्या मधे यायला हवा. तळपट्टीत एकदा लिहून भागत नाही. वाचकाला दुवा दाबण्याआधी ते दिसलं पाहिजे. ब्लॉक थीममध्ये (जिची सगळी रचना ब्लॉकमधून होते) साइट एडिटर उघडून एकेरी लेखाच्या टेम्पलेटमध्ये एक परिच्छेद घातला की काम झालं, तेही फुकटात. जनरेटप्रेस किंवा कॅडेन्समध्ये हुकमध्ये (थीमने पानात ठेवलेल्या ठरावीक जागांमध्ये) मजकूर घालायची सोपी सोय सशुल्क आवृत्तीत मिळते. फुकट आवृत्तीत चाइल्ड थीमच्या (मूळ थीमला हात न लावता तिच्यावर बसवलेल्या छोट्या थीमच्या) फंक्शन्स फाइलमध्ये चार ओळी लिहाव्या लागतात. त्या चौकटीच्या क्लासनावात 'अ‍ॅड' किंवा 'बॅनर' असलं काही ठेवू नका, जाहिरातरोधक ती लपवू शकतात.

'खास' थीमच्या आयत्या सोयींपैकी दोन तर सरळ सापळे आहेत. एक, हाताने किंमत भरायची चौकट. अ‍ॅमेझॉन असोसिएट्सच्या नियमांनुसार किंमत आणि वस्तूचे फोटो त्यांच्या अधिकृत मार्गानेच दाखवायचे असतात. हाताने टाकलेली किंमत शिळी होते आणि खातं धोक्यात येतं. दोन, मूळ पत्ता झाकणारे छोटे दुवे. अ‍ॅमेझॉनला तेही चालत नाहीत. शिवाय त्या थीमची चकचकीत बटणं दुव्याला 'स्पॉन्सर्ड' ही 'rel' खूण (हा दुवा पैशांसाठी दिलाय असं गुगलला सांगणारी) लावतात का ते सोर्समध्ये पाहा. गुगलने ती २०१९ मध्ये आणली, 'नोफॉलो'ही चालतं, पण काहीच नसणं चुकीचं. वर्डप्रेसच्या बटण ब्लॉकमध्ये ही खूण प्रगत सेटिंग्जमध्ये लिहिता येते. परीक्षणाचा स्कीमा (शोधयंत्रांना वाचता येणारी पानातली माहिती) थीम आणि एसईओ (शोधयंत्रांत वर येण्यासाठीचं) प्लगइन दोघंही छापत असतील तर थीमचा बंद करा. तसा पर्याय नसेल तर ती थीम बाद.

बाकी बाबी पटकन. शेवटचं अपडेट कधी आलं आणि बदलांची यादी नीट ठेवली आहे का ते बघा. सशुल्क थीमची चोरून फुकट वाटली जाणारी 'नल्ड' प्रत कधीही टाकू नका. तिच्यात लपवलेला कोड तुमच्या दुव्यांमधला अ‍ॅफिलिएट आयडी गुपचूप बदलू शकतो. डेमो आयात केलाच तर सोबत आलेली नमुना पानं आणि प्लगइन त्याच दिवशी काढून टाका.

पुढे कधी थीम बदलायची वेळ आली तर लक्षात ठेवा: कस्टमायझरमधली (थीमचं रूप बदलायच्या पडद्यावरची) बहुतेक सेटिंग्ज आणि 'अतिरिक्त सीएसएस' थीमनिहाय साठतात, नव्या थीमबरोबर येत नाहीत. सीएसएस आधी उतरवून घ्या. अ‍ॅनालिटिक्सचा (वाचकसंख्या मोजणारा) कोड थीमच्या चौकटीत चिकटवला असेल तर तोही जाईल, म्हणून तो पहिल्यापासून प्लगइनमध्येच ठेवा. बदल झाल्यावर चित्रांचे लहान आकार नव्याने तयार करा, कॅशे रिकामा करा आणि सर्वाधिक वाचले जाणारे दहा लेख फोनवर उघडून प्रत्येकातलं एक तरी बटण दाबून बघा.