नीतिशास्त्राच्या मूळ संकल्पना कोणत्या? नीतीने वागणं आणि चांगलं आयुष्य यांचा खरंच संबंध असतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'घरचे म्हणतात, नीतीने पोट भरत नाही.' ते वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. माझ्या सख्ख्या दाजींकडून मी ते बरीच वर्षं ऐकतोय.

आधी संकल्पना, थोडक्यात. नीतिशास्त्रात मोठे प्रश्न दोन: या प्रसंगी मी काय करावं, आणि एकूण आयुष्य कसं जगावं. पहिल्यावर बेंथम आणि मिल हे इंग्रज तत्त्वज्ञ सांगतात की ज्यातून जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल ते करा. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो, परिणाम बाजूला ठेवा. जो नियम सगळ्यांनीच पाळावा असं तुम्हाला म्हणता येईल, त्याच नियमाने वागा. दुसऱ्या प्रश्नाचा धनी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल. चांगलं आयुष्य म्हणजे घटकाभराची मजा नव्हे, सद्गुण वागून वागून अंगी मुरतात आणि त्याचा हिशेब जन्मभराचा असतो, हे त्याचं म्हणणं. आपल्याकडे पुरुषार्थांत अर्थ आणि काम यांना मानाची जागा आहे, पण धर्म सोडून नाही. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात तर सम्यक आजीविका हे वेगळं अंगच आहे, म्हणजे पोट कशावर भरता हाही नीतीचाच प्रश्न झाला. एवढं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

आता पोटाचं बोलू.

आम्ही पुणे जिल्ह्यातल्या ओतूरकडचे. वडील कांदा करायचे, माल नवी मुंबईत तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला यायचा. मालाबरोबर शेतकरी येतोच असं नाही. गोण्या इथे उतरतात, विकल्या जातात आणि मागाहून गावी पोचते ती पट्टी: वजन किती भरलं, भाव काय लागला, त्यातून भाडं, हमाली, तोलाई किती गेली. २०१६ साली सरकारने आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन, खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, तोवर तीही शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जायची. आमच्याकडे पट्टी आली की वडील मला मोठ्याने वाचायला लावायचे. खतवाल्याची उधारी फिटणार की पुढच्या पिकावर जाणार, ते शेवटच्या आकड्यावर ठरायचं. त्या कागदावर कुणी शंका घेतलेली मला आठवत नाही.

पुढे दाजींच्या शब्दावर मी त्याच मार्केटात एका गाळ्यावर मेहताजी म्हणून लागलो. पट्ट्या लिहिणं हेच काम. एके दिवशी शेठनी सांगितलं, माल ज्या भावाने गेला त्यापेक्षा पट्टीत किलोमागे रुपया कमी लिही. खरेदीदाराच्या बिलावर एक भाव, शेतकऱ्याच्या पट्टीवर दुसरा, मधला रुपया गाळ्याचा. समोर आंबेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा माल होता, पन्नास किलोच्या ऐंशी गोण्या. म्हणजे त्या एका कागदावर चार हजार रुपये. मी म्हटलं, "शेठ, विकला तोच भाव लिहीन." ते चिडले नाहीत. "अरे, हे आधीपासून चालत आलंय," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या पोराकडून माझ्यासमोर पट्टी लिहून घेतली. महिनाअखेर माझा हिशेब करून मला मोकळं केलं.

घणसोलीला दाजींकडे गेलो. त्यांचा शब्द खाली पडला होता, ते भडकणारच. "शेतकऱ्याला त्याचा रुपया मिळाला का? नाही. तुझी नोकरी गेली का? गेली. तू नाही लिहिलीस, दुसऱ्याने लिहिली. मग तुझ्या नीतीने भलं झालं कुणाचं?" ताई मध्ये पडली म्हणून विषय तिथे थांबला.

नंतर बाहेरून बी.ए. करताना तत्त्वज्ञान घेतलं, तेव्हा कळलं की दाजींचा मुद्दा फालतू नाही. परिणामांवर सगळं तोलायचं ठरवलं तर ते बरोबर ठरतात. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७३ साली नेमकी हीच अडचण मांडली. जॉर्ज नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ, नोकरी नाही, पदरात लहान मुलं. रासायनिक आणि जैविक शस्त्रांच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळतंय, पण असली शस्त्रं त्याला मुळातच मान्य नाहीत. त्याने नकार दिला तर जो येईल तो हे काम दुप्पट जोमाने करेल. हिशेब म्हणतो, जॉर्ज, नोकरी घे. विल्यम्स म्हणतो, या हिशेबात कृत्य कुणाच्या हातून होतंय याला किंमतच उरत नाही. माणूस आधी स्वतःच्या करणीला जबाबदार असतो. ते वाचून मला वाटलं, दाजींना द्यायचं उत्तर मिळालं. दुसरा लिहील हे खरं, पण ते त्याचं लिहिणं. माझ्या वडिलांसारख्या माणसाला जाणाऱ्या कागदावर खोटा आकडा माझ्या हाताने जाणार नव्हता.

शेठच्या 'चालत आलंय'ला उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवलंय. १९३६ साली छापलेल्या, प्रत्यक्षात होऊ न दिलेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात ते नियम आणि तत्त्व वेगळे करतात. नियम पडलेल्या वाटेने चालायला लावतो. तत्त्व विचार करायला लावतं आणि म्हणूनच केल्याची जबाबदारीही घ्यायला लावतं. 'सगळेच करतात' म्हणणाऱ्याला ती जबाबदारीच नको असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सांगायला हवं: तेव्हा बायकोची नोकरी चालू होती. पुढे महाप्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागेपर्यंत कोपरखैरण्याच्या खोलीचं भाडं तिच्या पगारातून गेलं. ज्याच्या घरी दुसरा पगार नाही, त्याने पट्टी लिहिली तर मी त्याला बोल लावणार नाही. त्या दुसऱ्या पोरालाही लावत नाही. ॲरिस्टॉटलही मान्य करतो की चांगल्या आयुष्याला थोडा पैसा, मित्र, नशीब लागतं. आणि सगळे आडते असे नसतात. वडिलांची शेवटची काही वर्षं ज्या गाळ्यावर माल जायचा, तिथला भाव आम्ही फोन करून पडताळायचो, कधी फरक निघाला नाही.

घरच्यांशी वाद घालताना 'प्रामाणिकपणाने शेवटी फायदाच होतो' असं मात्र म्हणू नका. दाजी तिथेच पकडतात: फायदा झाला नाही तर? कांटने १७८५ च्या 'ग्राउंडवर्क ऑफ द मेटाफिजिक्स ऑफ मॉरल्स' या पुस्तकात दुकानदाराचं उदाहरण दिलंय. तो लहान मुलालाही सगळ्यांच्याच भावात माल देतो, पण गिऱ्हाईक टिकावं म्हणून. त्याचं वागणं योग्य आहे, पण कांट त्याला नैतिक मोल देत नाही. तो उतारा अगदी छोटा आहे, सुरुवात तिथून करा. मिल त्यानंतर घ्या आणि त्याच्या बाजूने जमेल तितका जोर लावून पाहा, कारण घरचे त्याच बाजूने बोलणार आहेत.