पहिली गाडी घेताय? आधी कोटेशनची फोड मागा

अभिनंदन! शोरूममध्ये घासाघीस जमत नाही, असं पहिली गाडी घेणारे बरेच जण म्हणतात, पण त्यात फार अवघड काही नाही. सेल्समन म्हणेल, ‘साहेब, ऑन-रोडमध्ये पंधरा हजार कमी करतो.’ ऑन-रोड म्हणजे सगळं धरून हातात पडणारी किंमत. लगेच मान डोलावू नका. फोड कागदावर मागा: एक्स-शोरूम (गाडीची मूळ किंमत), आरटीओ (नोंदणी आणि रोड टॅक्स), विमा, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी. रोड टॅक्स सरकारी, तो हलत नाही. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेता आगाऊ गोळा करतो तो प्राप्तिकर) लागतो, त्यावरही वाद नको. रिटर्न भरताना तो तुमच्या करातून वळता होतो.

खरी जागा विम्यात. शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नाही. तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झीरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) धरून बाहेरचा दर काढा आणि मोबाइलवर दाखवा. बहुतेकदा आकडा तिथल्या तिथे खाली येतो. ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर सरळ काट मारायला सांगा.

नवखे हमखास इथे फसतात:

- एकाच शोरूमवर थांबतात. ठाण्यात असाल तर घोडबंदर रोडचं आणि नवी मुंबईतल्या तुर्भ्याचं, दोन्ही कोटेशन हातात ठेवा.
- घरची जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तिचा विषय आधीच काढतात. नवीचा दर ठरेपर्यंत गप्प बसा.
- फुकटच्या मॅट आणि सीट कव्हरवर खूश होतात. रोख सूटच मागा.

कर्जाचं गणित नंतर बघू. बुकिंगचे पैसे भरण्याआधी ठरलेलं सगळं सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. नोंदणीआधी चॅसिस नंबरवरून उत्पादनाचा महिनाही तपासा. जानेवारीत मागच्या वर्षीची गाडी देत असतील तर सूट घसघशीतच हवी.