मोटार बदलू नकोस, आधी बॅटरी पुढे सरकव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या रिमोटच्या विमानाचा व्हिडिओ काल रात्री मिळाला. मी तो अकरा वेळा पाहिला, शेवटचे चार-पाच वेळा वेग कमी करून. तू लिहिलंस, "काका, विमान पडलं, आता २२०० केव्हीची, जास्त वेगाने फिरणारी मोटार मागवते." ऑर्डर दिली नसशील तर थांब. दिली असशील तर रद्द कर. तुझ्या मोटारीत काही खोट नाही, आणि तुझ्या हातातही नाही.

मला काय दिसलं ते सांगतो. विमान हातातून सुटलं आणि लगेच नाक वर झालं. तू रिमोटची काडी पुढे दाबलीस तर ते एकदम खाली झेपावलं, सोडलीस तर पुन्हा वर. तिसऱ्या वेळी नाक इतकं वर गेलं की विमान क्षणभर हवेत उभंच राहिलं. मग डावा पंख गळाला आणि त्याच पंखावर ते येऊन आपटलं. हा स्टॉल. पंखावरून हवा वाहायची तशी वाहिनाशी झाली की पंख भार उचलणं सोडतो. अशा वेळी थ्रॉटल, म्हणजे मोटारीचा जोर, वाढवलास तर प्रॉपच्या (नाकावरच्या पंख्याच्या) उलट्या पिळाने डावी बाजू आणखीच खाली जाते. तू नेमकं तेच केलंस, कारण घाबरल्यावर हात थ्रॉटलकडेच जातो. सगळ्यांचाच जातो.

आता तू पाठवलेला दुसरा फोटो बघ, पोट उघडलेला. बॅटरी पंखाखाली आहे, तीही मागच्या कडेजवळ. नाकात मावत नव्हती म्हणून मागे सारलीस, असं तूच लिहिलंयस. तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. तुझं अख्खं विमान ७२० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा वजन चुकीच्या जागी बसलंय. शिवाय शेपटाला तू रंगीत टेपचे दोन थर दिलेस. पंखापासून शेपूट ५५ सेंटीमीटरवर आणि नाक २० वर असेल, तर शेपटातले १० ग्रॅम तोलायला नाकात साडेसत्तावीस ग्रॅम घालावे लागतात. आजीच्या काळातल्या हातकाट्याचा हिशेब आहे हा, वेगळं काही नाही.

पंख दुरुस्त झाला की आधी एवढंच कर. तुझ्या पंखाची रुंदी १८ सेंटीमीटर आहे. पंखाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून ५ सेंटीमीटरवर, दोन्हीकडे पेनाने ठिपका काढ. बॅटरी आत, सगळं जागच्या जागी, उडवताना असेल तसं. मग त्या ठिपक्यांवर दोन बोटांनी विमान उचल. आत्ता उचललंस तर शेपूट धप्पकन खाली जाईल. बॅटरी पुढे सरकवत जा. नाक किंचित खाली झुकून विमान स्थिर राहिलं की थांब. फोम कापून नाकात जागा करावी लागेल. कर. पण शिसं भरू नकोस. बॅटरी पुढे जात असताना मेलेलं वजन कशाला वाहायचं?

हे गणित फार जुनं आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने रबराच्या पिळावर चालणारं हातभर विमान उडवलं. ते ११ सेकंद हवेत राहिलं. आधीही लोकांनी चिमुकली यंत्रं हवेत सोडली होती, पण ती कलंडायची. पेनोने भार पुढे ठेवला आणि शेपटाची छोटी फळी पंखापेक्षा जरा खालच्या कोनात बसवली. नाक खाली गेलं की वेग वाढतो, वेग वाढला की शेपूट खाली दाबलं जातं, आणि नाक आपसूक वर येतं. कुणी हात लावायची गरज नाही. त्याच पेनोच्या धर्तीवरचं रबराचं उडतं खेळणं १८७८ मध्ये राईट बंधूंना वडिलांनी आणून दिलं होतं. तुझ्या विमानाला शेपूट आहे ते याच कामासाठी. भार मागे गेला की शेपटाचं हे काम बंद पडतं आणि ते काम तुझ्या अंगठ्यावर येतं. "एलेव्हेटर जरा हलवला तरी उडी मारतं" असं तू शेपटावरच्या त्या वर-खाली हलणाऱ्या पट्टीबद्दल लिहिलंस ना? ते याचंच लक्षण.

मोटारीबद्दलही एकदा सांगून टाकतो. तुझी मोटार १००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे. ११.१ व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला ११,१०० फेरे. तिला दहा इंची प्रॉप लागतो, आणि मोठा प्रॉप सावकाश फिरून भरपूर हवा मागे ढकलतो. शिकाऊ, संथ विमानाला हेच हवं असतं. २२०० केव्हीची मोटार सहा इंची प्रॉपसाठी, चपळ छोट्या विमानांसाठी. तिच्यावर तुझा दहा इंची चढवलास तर मोटार नाही तर ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट), दोघांपैकी एक जळणार. आणि समजा सगळं नीट जुळवलंस, तरी मागे जड असलेलं विमान आणखी वेगाने आपटेल, एवढाच फरक पडेल.

तोल जमला की मोटार बंद ठेवून नुसतं फेकून बघ. वाऱ्याच्या तोंडाला, खांद्याच्या उंचीवरून, भाला फेकतात तसं सरळ, नाक अगदी किंचित खाली. वर फेकायचं नाही. सरळ तरंगत पंधरा-वीस पावलांवर टेकलं तर तोल बरोबर. नाक उचलून, थबकून पडलं तर अजून मागे जड आहे. दगडासारखं खाली गेलं तर पुढे जास्त झालंय. आणि मोटार बंद असताना छान तरंगतं पण थ्रॉटल दिला की नाक वर करतं, असं झालं तर दोष मोटारीच्या कोनात. मोटार आणि तिच्या मागची फळी यांच्या मधे, वरच्या दोन स्क्रूंवर एकेक वॉशर घाल, म्हणजे तिचं तोंड दोन-तीन अंश खाली झुकेल. पण वॉशर आणि बॅटरी एकाच दिवशी बदलू नकोस. दोन्ही एकदम बदललंस आणि विमान सुधारलं, तर कशाने सुधारलं हे तुला कधीच कळणार नाही.

यासाठीच वही घाल. माझ्या वहीत एका पानावर एवढंच असतं: तारीख, वारा कुठून, भार कितीवर, प्रॉप कोणता, काय बदललं, काय झालं. "काय बदललं" याच्या समोर एकच गोष्ट लिहायला जागा ठेवली आहे. तू विचारलंस की कॅमेरा बसवू का, एलेरॉन (पंखावरच्या हलत्या पट्ट्या) लावू का. लाव, पण या वहीची वीस पानं भरल्यावर.

एक बदल मात्र उद्याच करता येईल आणि त्याला पैसाही लागत नाही. सर्वोच्या, म्हणजे पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटारीच्या, पांढऱ्या हाताला तीन-चार भोकं असतात. तुझी तार सगळ्यात बाहेरच्या भोकात आहे. ती आतल्या भोकात घाल, आणि तिचं दुसरं टोक एलेव्हेटरवरच्या शिंगाला (तार अडकवायच्या उभ्या तुकड्याला) मात्र सगळ्यात बाहेरच्या भोकात. मग सर्वो तेवढाच फिरेल, पण एलेव्हेटर निम्म्याने हलेल आणि सांध्यातला ढिलेपणाही कमी जाणवेल. एलेव्हेटर वर-खाली दहा-दहा मिलिमीटर हलला तरी पहिल्या उड्डाणाला पुष्कळ.

आता एक जुनी गोष्ट. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना आम्ही कंट्रोल लाइनची विमानं उडवायचो. इंजिन लहानसं डिझेल, इंधन ईथर, रॉकेल आणि एरंडेल. तो वास आजही माझ्या डोक्यात आहे. विमानाला दोन बारीक तारा, हातात मूठ, आणि आपण मधे उभं राहून गरगर फिरायचं. मी दीड महिना बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या घासून, वर पातळ टिश्यू कागद चिकटवून विमान केलं होतं. पहिल्याच दिवशी घाईत मूठ उलटी धरली. वरची तार खाली, खालची वर. विमान सुटलं, मी वर घ्यायला मनगट वळवलं आणि ते सरळ जमिनीत शिरलं. तीन सेकंद. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी मी मोठ्याने बोलून तपासतो: वर, खाली, डावं, उजवं. लोक बघत असले तरी बोलतो. तूही विमानाच्या मागे उभी राहून बोल. रडर (शेपटाची डावं-उजवं वळवणारी उभी पट्टी) उलटा जोडलेला आहे हे जमिनीवर कळलं पाहिजे.

पंख मोडला म्हणून रडलीस, ते तुझ्या आईने फोनवर सांगितलं. पंख दाखवलास ते बरं झालं, कारण तो कसा मोडलाय ते बघण्यासारखं आहे. तू डेप्रॉनच्या फोममध्ये कार्बनची दांडी पक्क्या गोंदाने इकडून तिकडे बसवलीस आणि पंख धडालाही चिकटवून टाकलास. धक्का बसल्यावर सुटायला काहीच नव्हतं, म्हणून सगळंच फाटलं. पुढचा पंख रबरबँडने बांध. आपटला की पंख निसटतो, फोम वाचतो. दांडीच्या जागी बांबूची कामटी चालेल, पतंगाला लावतात तीच, फक्त जाड आणि सरळ बघून घे. जोडायला हॉट ग्लू, वरून पॅकिंगची टेप. थर्माकोल वापरलंस तर साधा सायनो गोंद (सुपरग्लू) त्याच्या जवळपास आणू नकोस. मी एकदा आणला होता. पंखात सुपारीएवढं भोक पडत गेलं आणि मी नुसता बघत राहिलो.

पॉल मॅक्रेडी नावाचा अमेरिकन इंजिनियर लहानपणी तुझ्यासारखीच विमानं करायचा, त्यात बक्षिसं मिळवलेली. माणसाच्या पायांच्या ताकदीवर आठाच्या आकड्यात उडणाऱ्या विमानाला १९५९ पासून क्रेमर पारितोषिक लावलेलं होतं आणि ते कुणाला मिळत नव्हतं. बाकीचे मोठ्या कष्टाने देखणी यंत्रं बांधायचे. एकदा मोडली की दुरुस्तीत महिने जायचे. मॅक्रेडीने ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या, तारा, प्लॅस्टिकची झिल्ली आणि टेप घेतली. त्याचं गॉसमर काँडोर सारखं मोडायचं, पण लवकर दुरुस्त होऊन पुन्हा उडायचं. २३ ऑगस्ट १९७७ ला ब्रायन ॲलनने पायडल मारत ते आठच्या आकड्यात फिरवलं. तुझ्या पेटीत टेप, कामट्या, रबरबँड आणि ग्लू गन असेल तर एका सकाळी तूही तीन वेळा पडून चार वेळा उडवू शकतेस.

जागा बदल. व्हिडिओत ज्वारीचं रान दिसतंय. कापणीनंतरची धसकटं फोमचं पोट फाडतात, खिळ्यांवर उतरवल्यासारखं. शेजारचं हरभऱ्याचं रान मागून बघ. हरभरा मुळासकट उपटतात, त्यामुळे माती मऊ आणि मोकळी असते. सकाळी साडेसहा ते साडेआठ. त्यानंतर आपल्याकडे जमीन तापते, हवेच्या उसळ्या येतात. घारी पंख न हलवता वर चढायला लागल्या की ओळखायचं, शिकाऊ विमान पेटीत घालायची वेळ झाली.

विमान तुझ्याकडे तोंड करून येत असेल तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि डोकं गोंधळतं. त्या वेळी एवढंच: जो पंख खाली पडतोय, काडी त्याच बाजूला ढकल. पडणाऱ्या पंखाला खालून टेकू दिल्यासारखं. बाकी विचार करू नकोस.

बॅटरीबाबत माझं ऐकावंच लागेल. पूर्ण चार्ज १२.६ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ११.४. सेलमागे साडेतीन व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नकोस. सुरुवातीला सहा मिनिटांचा गजर लावून उतर. चार्जिंग फरशीवर, समोर बसून, रात्री झोपताना कधीही नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, कितीही महाग असली तरी. आणि उन्हात स्कूटीच्या डिकीत ठेवायची नाही. आधी रिमोट चालू, मग बॅटरी. उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद. टेबलावर काहीही जुळवताना प्रॉप काढलेला हवा. माझ्या उजव्या अंगठ्यावरची खूण तू पाहिली आहेस, ती प्रॉप न काढल्याची आहे. चार टाके पडले होते.

तुझं विमान २५० ग्रॅमपेक्षा जड आहे, म्हणून २०२१ च्या ड्रोन नियमांचं भान ठेव. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं रान हिरव्या भागात आहे का ते बघ. हिरव्या भागातही १२० मीटरच्या वर जायचं नाही. विमान कायम डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पोलिसांचा मनाईचा हुकूम निघाला असेल तेव्हा विमान घरी. रानाच्या मालकाला आधी विचार, आणि त्यांची पोरं बघायला आली तर तुझ्या मागे उभी कर, समोर नाही.

रविवारी मी बार्शीला येतोय. सहाच्या आत रानावर पोचेन. त्याआधी शनिवारी रात्रीपर्यंत दोन बोटांवर तोललेल्या विमानाचा फोटो पाठव. बाजूने काढ, म्हणजे नाक किती झुकलंय ते दिसेल. येताना माझ्याकडचे दोन जास्तीचे प्रॉप आणि रबरबँडची पिशवी घेऊन येतो. तू फक्त वही आण.

तुझा,
काका