टॉम, डिक आणि हॅरी हे तिघे कोण होते? जॉन डो त्यांच्यातलाच का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: टॉम, डिक, हॅरी खरे होते का, जॉन डो कोण, आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये 'एव्हरी टॉम, डिक अँड हॅरी', म्हणजे 'कुणीही सोम्यागोम्या', असं लिहिलं तर चालेल का.

हे तिघे म्हणजे कुणी ठरावीक माणसं नव्हेत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मुलग्यांना ठेवायची नावं फार थोडी होती. जॉन, विल्यम, थॉमस, रिचर्ड, रॉबर्ट, हेन्री एवढ्यांतच गावातले बरेचसे पुरुष बसायचे. थॉमसचा टॉम झाला, हेन्रीचा हॅरी. रिचर्डचा आधी रिक आणि मग यमक जुळवत डिक, जसा विलचा बिल आणि रॉबचा बॉब. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात राजपुत्र गुत्त्यातल्या पोऱ्यांची नावं घेतो ती 'टॉम, डिक आणि फ्रान्सिस'. हॅरी तिसरा म्हणून पक्का झाला तो नंतर. आपला सोम्यागोम्या याच जातीचा.

माझं आवडतं नाव मात्र जॅक. हे जॉनचंच घरगुती रूप. जॅक इतके होते की हाताखालच्या कुठल्याही पोऱ्याला जॅक म्हणू लागले. पत्त्यातला गुलामही इंग्रजीत जॅक झाला. पुढे पोऱ्याचं काम करणाऱ्या वस्तूंना तेच नाव मिळालं: पायातला बूट ओढून काढणारा जॅक, विस्तवावर मांसाची शीग फिरवणारा जॅक, ओझं उचलणारा जॅक. पंक्चर झाल्यावर आपण गाडीला लावतो तो जॅक हाच. चुलीच्या धगीत तासन् तास शीग फिरवणाऱ्या पोरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, पण त्यांच्या जागी आलेल्या यंत्राला आपण आजही त्यांच्याच नावाने ओळखतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

जॉन डोची गोष्ट वेगळी. तो गल्लीतून आला नाही, कोर्टातून आला. इंग्लंडमध्ये जमिनीच्या मालकीचा दावा जुन्या पद्धतीने चालवणं किचकट आणि वेळखाऊ होतं. पट्टेदाराला, म्हणजे भाडेपट्ट्याने जमीन घेतलेल्याला, कुणी जमिनीवरून हुसकावलं तर त्याचा दावा मात्र लवकर निकाली निघे. वकिलांनी यातून वाट काढली. मालकाने जमीन जॉन डोला पट्ट्याने दिली आणि रिचर्ड रोने त्याला हाकललं, असं कागदावर मांडायचं. दोघेही काल्पनिक आहेत हे न्यायाधीशालाही ठाऊक असे. पण डोचा पट्टा खरा ठरवायचा तर पट्टा देणारा मालक खरा का, हे ठरवावंच लागे, आणि मूळ भांडण तेच होतं! १८५२ च्या कायद्याने इंग्लंडने ही रीत मोडीत काढली. अमेरिकेत नाव टिकलं, ते ओळख न पटलेल्या रुग्णासाठी, मृतदेहासाठी किंवा नाव गुप्त ठेवायच्या पक्षकारासाठी. गर्भपाताच्या हक्कावरच्या १९७३ च्या गाजलेल्या निकालातली जेन रो त्याच घराण्यातली.

आपल्याकडेही तो आला आहे. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने विनापरवाना दाखवणाऱ्या अज्ञात केबलवाल्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने 'जॉन डो' आदेश दिला. आता सिनेमा प्रदर्शित होण्याआधी पायरसी रोखायला निर्माते असे आदेश मुंबई उच्च न्यायालयातूनही घेतात. भारतात त्यांना 'अशोक कुमार आदेश' असंही म्हणतात.

जोन्स हे आडनावसुद्धा जॉनवरूनच आलेलं. शेजाऱ्यांशी बरोबरी करण्याबद्दलचा 'कीपिंग अप विथ द जोनसेस' हा वाक्प्रचार १९१३ साली सुरू झालेल्या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेमुळे रूढ झाला. त्या मालिकेत जोन्स कुटुंब कधी दिसतच नाही.

आता ईमेलचं. ग्राहकांबद्दल किंवा सहकाऱ्यांबद्दल 'टॉम, डिक अँड हॅरी' कृपा करून लिहू नका. ते म्हणणारा स्वतःला त्या तिघांच्या वर ठेवतो, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. सर्वसामान्य माणूस एवढंच म्हणायचं असेल तर ब्रिटनमध्ये 'जो ब्लॉग्ज' चालतो, अमेरिकेत 'अ‍ॅव्हरेज जो'. नमुन्याचा फॉर्म भरून दाखवायचा असेल तर जॉन डो किंवा जॉन स्मिथ खुशाल लिहा.