आजोबांची आरामखुर्ची आणि सागवानी कपाट नव्या फ्लॅटसाठी नवंकोरं करून घ्यावं, की विकून टाकावं?

तुम्ही लिहिलंय की पॉलिशवाला मशिनने घासून मेलामाइन, म्हणजे कडक थर बसणारं रासायनिक पॉलिश, मारू म्हणतोय आणि डिझायनर म्हणतो, कपाट खोलीत शोभणार नाही, विका. आमच्या घरात हेच काम तिसऱ्या पिढीत चालू आहे. आजोबा सुतार, बाबांचा हात पॉलिशचा, आता भाऊ सांधे बघतो आणि मी जुन्या वस्तूंभोवती घरं आखून देते. माझं ऐकाल तर दोघांनाही थांबवा.

आधी कपाटाच्या मागे, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. मिनिटभरात बोटाला चिकट लागलं, तर ते लाखेचं पॉलिश आहे आणि तुमचं नशीब चांगलं आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे नवा हात जुन्यात मिसळून जातो. खरवडायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही, मळ काढला की पुरतं. मेलामाइनचं तसं नाही. त्याचा थर स्पिरिटने सुटत नाही, पुढे काही बिघडलं की घासूनच काढावा लागतो.

आणि मशिन तर नकोच. सागवानाला वर्षानुवर्षांच्या हवा-उजेडाने, हातांच्या वावराने आलेला मधासारखा रंग अगदी वरच्या पापुद्र्यात असतो. मी एकोणीस वर्षांची असताना आमच्याच घरातल्या एका पेटीचं झाकण उत्साहाने घासलं होतं. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी झाकण पेटीवर ठेवलं आणि मला खिडकीपाशी बोलावलं. पेटी गडद, झाकण कोऱ्या फळीसारखं फिकट. ते झाकण अजून तसंच आहे.

सांधे हलत असतील, तर खिळा ठोकू देऊ नका. जुने सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला चिकट पदार्थ, सांधे जोडायला वापरायचे. तो ऊब आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून सांधा उलगडून, साफ करून पुन्हा बसवता येतो. त्यात फेव्हिकॉल ओतलं की पुढच्या कारागिराचं काम फार अवघड होतं.

ड्रॉवर अडकतोय म्हणालात, तर पावसाळ्यात त्याला रंधा लावू नका. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. जुलैत तासलेला ड्रॉवर थंडीत खुळखुळतो. सध्या कडांना मेणबत्ती घासा, बाकीचं दिवाळीनंतर बघू.

खुर्चीचा वेत मात्र नव्याने विणून घ्या, प्लॅस्टिकची पट्टी नको. आमच्याकडे विणायला येणारे काका अंध आहेत. वेत पाण्यात भिजवून मऊ करतात आणि प्रत्येक पट्टी ओढल्यावर अंगठ्याने छेडून बघतात. वाळल्यावर वेत आणखी ताणला जातो, म्हणून किती ओढायचं हे त्यांची बोटंच ठरवतात.

राहिली खोली. कपाटाला आधी जागा द्या आणि बाकीचं त्याच्या मापाने करा. त्या भिंतीवर दुसरं काही लावू नका, नवा वॉर्डरोब एका दाराने कमी करा. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला ते टेकवू नका, मागे चार बोटं हवा राहू द्या. लिफ्टची काळजी असेल, तर वरची महिरप आणि खालची बैठक हलवून बघा. बऱ्याच जुन्या कपाटांची ती सुटी होते. सुटे भाग उचलण्याआधी प्रत्येकाच्या आतल्या बाजूला खडूने खूण करून ठेवा.