वाचकांचे प्रश्न : सायलेन्सर एकाचा, पाइप दुसऱ्याचा

प्रश्न : सर, माझ्याकडे १९६८ची फियाट ११०० आहे, वडिलांनी घेतलेली, आता पूर्ण खोलून रिस्टोअर करतोय. पुढचा पाइप नाना पेठेत मिळाला, सायलेन्सर जुन्या बाजारात एका पद्मिनीचा मिळाला आणि शेवटच्या पाइपसाठी हार्डवेअरवाल्याकडून सव्वा इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला नळाचा) पाइप आणला. आता एकही जोड बसत नाहीये. व्हर्नियरने मापं घेतली ती अशी : पुढचा पाइप बाहेरून ३८ मिमी, सायलेन्सरचं पुढचं तोंड आतून ४२, मागचं तोंड बाहेरून ३८, आणि जीआय पाइप बाहेरून ४२.४, आतून ३६. फॅब्रिकेटर म्हणतो, काही नाही साहेब, ठोकून बसवतो आणि सगळीकडून वेल्डिंग मारतो. करू का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नका करू, प्लीज. मापं पाठवलीत हे फार बरं केलंत, बहुतेक जण नुसतं "बसत नाहीये" एवढंच लिहितात.

आधी घोळ कुठे झालाय ते सांगतो. नळाचा पाइप आणि गाडीचा पाइप यांची मापं वेगळ्या पद्धतीने सांगतात. प्लंबरचा सव्वा इंच म्हणजे ढोबळमानाने आतलं माप, बाहेरून तो ४२.४ मिमी भरतो, आणि त्याचा दीड इंची तर बाहेरून ४८.३. एक्झॉस्टची ट्यूब मात्र बाहेरच्या मापाने विकतात, तिथे दीड इंच म्हणजे बाहेरून ३८.१ मिमी. त्यामुळे दोन्ही दुकानदार खरं बोलतात आणि घरी आल्यावर एकही जोड बसत नाही. तुमचा जीआय पाइप सायलेन्सरच्या ३८च्या तोंडावर चढणार नाही कारण आतून तो ३६ आहे, आणि आत जायचा तर प्रश्नच नाही.

तो जीआय पाइप एक्झॉस्टला वापरूच नका, बागेत वापरा. त्याच्यावर जस्ताचा थर असतो, वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, जुने वेल्डर हे चांगलं ओळखतात. शिवाय पाइप जाड, म्हणजे वजन जास्त, ते सगळं लटकणार रबरी हँगरवर.

आता मार्ग. १६ गेजची म्हणजे १.६ मिमी जाडीची साधी एमएस (माइल्ड स्टील) ट्यूब आणा, बाहेरून १ पूर्णांक ५/८ इंच, म्हणजे ४१.३ मिमी. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की आतून ती ३८.१ उरते, म्हणजे तुमच्या ३८च्या पाइपावर जवळजवळ अंगाबरोबर चढते, कुठे अडलीच तर पाइप एक्स्पांडरने तोंड किंचित फुगवून घ्या. याच ट्यूबने तुमच्या दोन्ही जोडांचा प्रश्न सुटतो. तिचा ७०-८० मिमीचा तुकडा पुढच्या पाइपाच्या टोकावर स्लीव्ह म्हणून चढवायचा, कडेने वेल्ड करायचा आणि मग ते ४१.३चं टोक सायलेन्सरच्या ४२च्या तोंडात सरकवायचं. दोन्हीकडे मिळून ०.७ मिमी फट राहते, तेवढी यू-क्लॅम्प आवळून घेतो. फक्त सायलेन्सरच्या तोंडाला कटरने समोरासमोर दोन उभ्या चिरा द्या, एकेक इंचाच्या, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळा तोंड दबत नाही, उलट बोल्टचे आटे जातात. चिरा आत सरकलेल्या पाइपाच्या लांबीपेक्षा आखूडच ठेवा, नाहीतर तिथूनच फुसफुसेल. मागच्या बाजूला उरलेली ट्यूब सरळ सायलेन्सरच्या ३८च्या तोंडावरून चढेल. दोन्हीकडे निदान ४०-५० मिमी एकात एक जाऊ द्या. आणि यात धूर कायम आतल्या पाइपातून बाहेरच्या पाइपात जातो, वाटेत कडा आडवी येत नाही, जोड असाच हवा.

वेल्डिंग मी सगळीकडे का नको म्हणतोय, तर इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रेस केली की ते हलतं, आणि पाइप तापला की लांबतो. दोन मीटरचा लोखंडी पाइप ३०० अंशांनी तापला तर साधारण ७ मिमी वाढतो. तो वाढावा कुठे? सगळं एकसंध जखडून टाकलं तर हा सगळा ताण जातो मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाला लागून धूर गोळा करणाऱ्या भागावर, आणि मॅनिफोल्ड बिडाचा, बीड वाकत नाही, तडकतं. तुमच्या गाडीचा मॅनिफोल्ड आज शोधायला गेलात तर किती फिरावं लागेल कल्पना करा. पाइप ओढून-ताणून, एकाने दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बोल्ट लावायचा असं चाललं असेल तर तिथेच थांबा, जोड चुकलाय.

बसवायचा क्रमही महत्त्वाचा. पुढून सुरुवात, म्हणजे नवीन गॅस्केट (जोडातून धूर गळू न देणारी चकती) टाकून फ्लँज (पाइपाची बोल्टची कडा) हातानेच आवळा, मग सायलेन्सर हँगरवर लटकवा, मग शेवटचा पाइप, सगळं ढिलं. मागच्या अ‍ॅक्सलपाशी जरा वेळ द्या, जॅकवर चाकं लोंबत असताना जागा भरपूर दिसते पण चौघं बसून गाडी खड्ड्यात आपटली की अ‍ॅक्सल वर येतो. त्यामुळे चाकांवर वजन येऊ द्या आणि वरही जागा सोडा. पेट्रोल लाइन, ब्रेक लाइन आणि बॉडीपासून निदान इंचभर अंतर. सगळं सरळ दिसलं की स्लीव्हला गाडीवरच टॅक (वेल्डिंगचे दोन-चार ठिपके) मारून घ्या, पूर्ण वेल्ड बाहेर काढून टेबलावर. गाडीवर टॅक मारताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. मग परत बसवून पुढून मागे आवळत या.

शेवटी इंजिन थंड असतानाच चालू करून मागच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर धरा, जिथे जोड सुटला असेल तिथे फुसफुस ऐकू येते. आणि हो, जुनी गॅस्केट किंवा पाइपाला गुंडाळलेली पांढरी दोरी निघाली तर कोरडी खरवडू नका, त्या काळात अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरायचे. पाण्याने भिजवून, मास्क लावून, पिशवीत बंद करा.

प्रश्न : दादा, आमच्या जुन्या पद्मिनीत सिग्नलला थांबलं की धुराचा वास येतो, मिस्टर म्हणतात जुन्या गाडीला वास असायचाच. मुलं मागे बसतात म्हणून काळजी वाटते. (एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : ताई, तुमची काळजी योग्य आहे. वास येतोय म्हणजे धूर आत येतोय, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड स्वतः बिनवासाचा असतो, म्हणून वास कमी झाला की धोका गेला असं धरू नका. मुलांना डोकं दुखणं, मळमळ असं होत असेल तर गाडी चालवणं आजच बंद करा. मेकॅनिककडे दोन गोष्टी तपासून घ्या : पाइपाचे जोड आणि फ्लोअर. या गाड्यांत मॅटखाली पत्रा गंजून भोकं पडलेली असतात. डिकीच्या झाकणाचं रबरही बघा, मागचा धूर तिथून आत खेचला जातो. नुसती पुटी (लिंपायची पेस्ट) लावून देतो म्हणाला तर ऐकू नका, आधी भोक बुजवायचं, मग जोड.

प्रश्न : सायलेन्सर दुसऱ्या गाडीचा असेल तर विंटेज नोंदणी अडेल का? (एक वाचक, निगडी)

उत्तर : केंद्राच्या २०२१च्या नियमात विंटेज म्हणून ५० वर्षांहून जुनी, खासगी गाडी धरली आहे, आणि मोठे बदल नकोत असं म्हणताना चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. सायलेन्सर काळाच्या ओघात बदलणारच. मात्र तो असायला हवा आणि आवाज दबलेला हवा, नुसता सरळ पाइप लावून आरटीओत जाऊ नका. गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर राहतो, नव्या नोंदणीला व्हीए मालिकेचा मिळतो.