वाचक विचारतात : गेम रंगात आला की माउस का गायब होतो?

प्रश्न : सर, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरच्यांनी हप्त्यावर गेमिंग लॅपटॉप घेऊन दिलाय. चार पोर्टचा यूएसबी हब लावलाय, त्यात लाइटवाला कीबोर्ड, माउस, हेडसेट आणि एक एक्सटर्नल हार्ड डिस्क, गेम सगळे त्या डिस्कवरच आहेत. एरवी काही होत नाही पण गेम खेळताना मधेच टुंग-टुंग आवाज येतो, माउस कीबोर्ड सगळं दोन-तीन सेकंद बंद आणि मग परत चालू. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल. घरी सांगायची हिंमत होत नाहीये. काय करू?

उत्तर : आधी घरी काही सांगायची घाई करू नकोस आणि मदरबोर्डला तर हातच लावू देऊ नकोस, कारण तू जे लिहिलंयस त्यातच बहुतेक उत्तर आहे. सगळं *एकदम* बंद होतं आणि एकदम परत येतं. नुसता माउस गेला असता तर मी माउसची वायर बघ म्हटलं असतं, पण चारही वस्तू एकत्र जातात म्हणजे त्या सगळ्या ज्यावर बसल्यात तो हबच क्षणभर पडतोय.

तो का पडतो ते बघ. यूएसबी २.० चा पोर्ट ठरल्याप्रमाणे ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९०० देतो. तुझ्या हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर एवढ्याच करंटमध्ये चौघांचं भागवायचं. लाइटवाला कीबोर्ड सगळे दिवे फुल ठेवले की एकटाच त्यातला मोठा वाटा घेतो. आणि खरी गोम हार्ड डिस्कमध्ये आहे, काही वेळ काम नसलं की ती आतली तबकडी थांबवून झोपते, गेममध्ये तू पुढच्या मॅपला गेलास की लॅपटॉप तिला उठवतो आणि थांबलेली तबकडी फिरवायला लागणारा करंट नेहमीच्या फिरण्यापेक्षा बराच जास्त असतो. त्या क्षणी व्होल्टेज खाली येतं, हब रीसेट होतो, टुंग-टुंग. म्हणून एरवी काही होत नाही आणि खेळतानाच होतं.

आता हे खरं आहे का ते तपासायला एक पैसा लागत नाही. हार्ड डिस्क हबमधून काढ आणि थेट लॅपटॉपच्या पोर्टला लाव, शक्यतो दुसऱ्या बाजूच्या. बाकी काहीच बदलू नकोस, हे महत्त्वाचं आहे, कारण लोक एकाच दिवशी ड्रायव्हर टाकतात, वायर बदलतात, विंडोज पण नवीन मारतात आणि मग नक्की कशाने बरं झालं ते कळतच नाही. दोन-तीन दिवस नेहमीसारखा खेळ. त्रास थांबला तर विषय संपला, डिस्क तिथेच राहू दे किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घे. नाही थांबला तर हब पूर्ण काढून माउस थेट लावून बघ, मग हबची वायर आणि हब स्वतः संशयित.

यूट्यूबवर सगळे सांगतात की यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. तुझ्या केसमध्ये मला ते कारण वाटत नाही, कारण ते वापरात नसलेल्या वस्तूला झोपवतं आणि तू तर माउस हलवत असतोस. ज्यांचा माउस चहा पिऊन परत आल्यावर उठत नाही त्यांनी जरूर करावं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढायची.

आणि एक काळजीची गोष्ट, डिस्क अशी मधेच तुटत राहिली तर सेव्ह केलेल्या फाइल खराब होऊ शकतात. कॉलेजचे प्रोजेक्ट त्यावर असतील तर आजच दुसरीकडे कॉपी करून ठेव, मग डिस्कच्या प्रॉपर्टीज, टूल्समध्ये जाऊन एरर चेक चालव.

प्रश्न : नवीन एसएसडी (पोर्टला लावायची बाहेरची डिस्क) लावल्यापासून माझा वायरलेस माउस अडखळतो, एसएसडी काढली की एकदम छान. दोन्ही वस्तू नव्या आहेत, बदलून घेऊ का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बदलू नका, दोन्ही चांगल्याच असणार. यूएसबी ३.० चा डेटा चालू असताना त्याच्या पोर्टमधून, वायरमधून आणि डिस्कमधून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही असतो. तुमच्या माउसचा छोटा डोंगल, म्हणजे पोर्टला लावलेला रिसीव्हर, तिथेच ऐकत बसलेला असतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर पेपर काढला होता, तरी अजून लोक या पायी चांगले माउस परत करतात. डोंगल एसएसडीच्या शेजारच्या पोर्टातून काढा, एक साधी यूएसबी एक्सटेन्शन वायर घ्या आणि डोंगल माउसपॅडजवळ आणून ठेवा. बऱ्याच गेमिंग माउसच्या खोक्यात अशी वायर येते आणि लोक ती तशीच कपाटात टाकतात, आधी खोकं बघा.

प्रश्न : डाव्या बाजूचे दोन्ही पोर्ट अचानक बंद पडलेत, पेनड्राइव्हही दिसत नाही. विंडोज अपडेटमुळे असेल का? — एक वाचक, लातूर

उत्तर : असू शकतं, पण विंडोज बाजूला ठेवून तपासता येतं. लॅपटॉप चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, जा आणि त्या पोर्टला वायरवाला कीबोर्ड लावून बाण दाबून बघा, तिथे विंडोज नसतंच. कीबोर्ड चालला तर पोर्ट जिवंत आहे, गडबड विंडोजची. मग शट डाउन न करता रीस्टार्ट द्या, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, ड्रायव्हरची बिघडलेली अवस्था तशीच परत येते. तरी नाही झालं तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा चिपसेट ड्रायव्हर टाका, भलत्या ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

बायोसमध्येही काही हललं नाही तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा आणि परत एकदा बघा. तरी मेलेलेच असतील तर मग दुकान. पण तिथे एक नक्की विचारा, बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट मदरबोर्डवर नसतात, वेगळ्या छोट्या बोर्डवर असतात आणि तो पट्टीसारख्या केबलने जोडलेला असतो. दोन्ही पोर्ट एकदम गेले म्हणजे ती केबल सैल झाली असेल किंवा तो छोटा बोर्ड गेला असेल, आणि तो मदरबोर्डपेक्षा खूपच स्वस्तात बदलून मिळतो. वॉरंटी बाकी असेल तर मात्र बाहेर कुठे उघडू देऊ नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.